नाव मोठ्यानं वाचायचं असतं

मतदान केंद्रात शिरल्यावर जे पहिलं टेबल लागतं, तिथे मी बसते. पुढ्यात मतदार यादीची चिन्हांकित प्रत, एक फूटपट्टी आणि लाल पेन. शाईची बाटली दुसऱ्या टेबलावर, यंत्राचं बटण तिसऱ्या टेबलावर. माझ्याकडे फक्त नावं. समोर आलेल्या माणसाचा अनुक्रमांक शोधायचा, हातातलं ओळखपत्र पाहायचं, चेहरा पाहायचा आणि मग नाव मोठ्यानं वाचायचं. हे मोठ्यानं वाचणं महत्त्वाचं असतं. जवळच उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात, त्यांच्या मांडीवरही तीच यादी असते. नाव एकाचं आणि उभा राहिलेला दुसराच, असं होत असेल तर त्यांनी तिथल्या तिथे बोलावं, म्हणून तर त्यांना आत बसवलेलं असतं. कुणी बोललं नाही की मी नावावर तिरकी रेघ मारते. बाई असेल तर रेघेबरोबर अनुक्रमांकाभोवती गोलही करते. मतदार पुढच्या टेबलाकडे सरकतो आणि मी पुढच्या चेहऱ्याकडे बघते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला लागल्यापासून लोकसभा आणि विधानसभेच्या बहुतेक निवडणुकांना मला हीच जागा मिळाली: मतदान अधिकारी क्रमांक १. आदल्या दिवशी तहसील कचेरीच्या मांडवात साहित्य घ्यायचं, यादीशी ताडून पाहायचं, एस.टी.नं गाव गाठायचं. दुसऱ्या कुणाच्या तरी शाळेत, दुसऱ्या कुणाच्या तरी फळ्याखाली सतरंजी टाकून पडायचं. पहाटे अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, सातला दार उघडायचं. दिवसभरात हजारभर माणसं माझ्यासमोरून जातात. प्रत्येकाला मी न बोलता एकच प्रश्न विचारत असते: यादीतली ती व्यक्ती तूच ना?

या प्रश्नाविषयी मला लिहायचं आहे. हल्ली त्याच्या जागी दुसराच प्रश्न येऊन बसू लागला आहे, 'तू या देशाचा नागरिक आहेस का?', आणि दोन्हींतला फरक लोकांच्या ध्यानात येत नाही असं मला वाटतं.

२००९ च्या विधानसभेला मी एका आडगावात होते. दुपारी उन्हं कलल्यावर एक म्हातारी आली. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, हातात रेशनकार्ड आणि चुरगळलेली चिठ्ठी. यादीत तिच्या नावाच्या दोन बायका होत्या, आडनावही एकच. अर्धं गाव एका भावकीचं असलं की हे होतंच. नवऱ्याचं नाव सांगितलं की प्रश्न मिटला असता. मी विचारलं, "आजी, मालकांचं नाव काय?" ती नुसती बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. तिनं पदर तोंडाशी नेला. मागच्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या. एक प्रतिनिधी नाव सांगायला तोंड उघडणार तोच केंद्राध्यक्षांनी त्याला हातानं थांबवलं, कारण उत्तर मतदारानंच द्यायला हवं होतं. मग त्या माउलीनं मान खाली घातली आणि एका दमात म्हटलं, "मोटेचं पाणी पाटानं जातं..." पुढे नवऱ्याचं नाव घेतलं, आणि "...रावांचं नाव पोटात ऱ्हातं."

खोलीत क्षणभर कुणीच बोललं नाही. मी दोन ओळींतली खालची शोधली, तिथे तेच नाव होतं. मी तिचं नाव मोठ्यानं वाचलं. तिनं ते ऐकलं आणि मान हलवली. एरवी तिला अमक्याची आई नाहीतर तमक्याची आजी म्हणत असणार. चार माणसांसमोर तिचं स्वतःचं नाव शेवटचं कधी घेतलं गेलं असेल, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीतच हा पेच होता. १९५१-५२ साली सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदारांची यादी झाली. स्त्री मतदार आठ कोटींच्या घरात. पण लाखो बायकांनी, विशेषतः उत्तर भारतात, यादी करायला आलेल्या परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. यादीत त्यांची नोंद कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको अशी झाली होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं की अशी नोंद चालणार नाही, नाव हवं. मुदत वाढवून दिली, प्रचार केला. तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावं शेवटी काढून टाकावी लागली. सेन यांचा आग्रह मला योग्यच वाटतो. मत आईला नसतं, बायकोला नसतं, ते एका व्यक्तीला असतं, आणि हे या देशात इतक्या ठामपणे त्याआधी क्वचितच कुणी सांगितलं असेल. पण त्या २८ लाखांतली एकेक बाई डोळ्यांसमोर आणली की आतून कालवतं. तिनं काय गुन्हा केला होता? तिला शिकवलेली रीत तिनं पाळली, एवढंच.

माझ्या आईची तीन नावं होती. शाळेच्या दाखल्यावर सुमन. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं गेलं ते मंगल. सासरच्या तलाठ्यानं सातबाऱ्यावर चढवलं ते मंगलाबाई. मतदार यादीत ती आली तेव्हा छापणाऱ्यानं अनुस्वार खाल्ला आणि 'मगल' झालं, वयही सहा वर्षांनी कमी पडलं. ही चूक दुरुस्त व्हायला तीन निवडणुका गेल्या. त्या तिन्ही वेळी ती मत देऊन आली, कारण तिथल्या टेबलावर माझ्यासारखंच कुणीतरी बसलं होतं आणि त्या माणसाला एक नियम माहीत होता.

तो नियम मला फार प्रिय आहे. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत तो आहे. मतपत्रिकेच्या काळात ३५ व्या नियमात होता, यंत्रं आल्यावर ४९-एचमध्येही तसाच ठेवला. त्याचा अर्थ असा: समोरचा माणूस हाच त्या नोंदीतला मतदार आहे अशी केंद्राध्यक्षाची खात्री पटली, तर यादीतल्या केवळ लेखनाच्या किंवा छपाईच्या चुकांकडे त्यानं दुर्लक्ष करावं. करू शकतो असं नाही. करावं, असं आहे. अनुस्वार गेला म्हणून माणूस जात नाही. 'सय्यद'चा 'सैयद' झाला, 'भोसले'चं इंग्रजीत जाऊन परत मराठीत येताना 'भोसाले' झालं, नवऱ्याच्या जागी बापाचं नाव राहिलं, तरी माणूस तोच. प्रशिक्षणात हे वाक्य घाईघाईनं वाचून पुढे जातात. मी दर वेळी ते वहीत पुन्हा लिहून घेते.

ओळखीच्या कागदांची यादीही मुद्दामच लांब ठेवलेली आहे. छायाचित्र असलेलं मतदार ओळखपत्र १९९३ पासून, मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात आलं. पण ते नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं ओळखपत्र, असं बरंच काही चालतं. लोक मला विचारतात, "बाई, आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही असं टीव्हीवर सांगतात, मग मतदानाला कसा चालतो?" प्रश्न अगदी रास्त आहे. आधारच्या कायद्यातच लिहिलेलं आहे की हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. तरी तो माझ्या टेबलावर चालतो, कारण माझ्या टेबलावर नागरिकत्व तपासलंच जात नाही. ते काम यादी बनताना होऊन गेलेलं असतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १६ वं कलम सांगतं की जो भारताचा नागरिक नाही त्याचं नाव यादीत येऊ शकत नाही. म्हणजे नागरिक कोण ते यादीनं आधी ठरवायचं, आणि यादीतला तो माणूस हाच का, तेवढं मी पाहायचं.

एका विधानसभेला आमच्या केंद्रावर वीटभट्टीवरची सात-आठ कुटुंबं मतदानाला आली. रंगानं, बोलीनं वेगळी. नावं यादीत होती, ओळखपत्रं होती. पहिल्याचं नाव वाचलं तसा एक तरुण प्रतिनिधी उठला. "मॅडम, हे आमच्या गावचे नाहीत. कुठून आलेत देव जाणे. आधी हे भारताचे आहेत का ते विचारा." भट्टीवरचा तो माणूस दारातच थबकला. त्याच्या मागे बायको, तिच्या कडेवर पोर. बोलणं त्याला सगळं कळलं होतं.

आमचे केंद्राध्यक्ष पाटबंधारे खात्यातले जुने कारकून होते, निवृत्तीला आलेले. चष्मा पुसत ते म्हणाले, "तुमचा आक्षेप नीट सांगा. यादीत या नावाचा जो माणूस आहे, तो हा नव्हे असं म्हणणं आहे का?"

"नाही, हाच आहे तो. पण—"

"मग पण नाही. ओळखीवर आक्षेप घ्यायचा असेल तर दोन रुपये भरा. तुम्ही पुरावा द्या, तो उत्तर देईल, मी निकाल देईन. तो इथला का तिथला याची चौकशी करायचा अधिकार मला नाही, तुम्हाला तर नाहीच. यादी प्रसिद्ध झाली होती, तेव्हा हरकत घ्यायला मुदत होती."

आक्षेपित मताची ती दोन रुपयांची फी. आज दोन रुपयांत गोळीसुद्धा येत नाही, पण नियमात ती रक्कम तशीच आहे, आणि तिच्यामागचा विचार मला खोल वाटतो. बोट दाखवणाऱ्यानं आधी स्वतःचं काहीतरी टेबलावर ठेवायचं. सिद्ध करायचं तेही आधी त्यानंच. आक्षेप पोकळ ठरला तर पैसे जप्त. ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याला एक छदामही द्यावा लागत नाही. त्या तरुणानं दोन रुपये काढले नाहीत. मी नाव पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं वाचलं, आणि रेघ मारली. शाई लावून घेताना त्या माणसाचा हात थरथरत होता. त्याची बायको मत न देताच परत फिरली होती. बाहेर जाऊन शिपायानं तिला बोलावून आणलं.

नागरिकत्वाचा मोठा प्रश्न दारात विचारायचा नसतो तो यासाठी. दारात मागे रांग असते, बघ्यांची गर्दी असते, माणूस एका दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. घरी जाऊन कागद शोधायला त्याच्यापाशी वेळ नसतो आणि आपलं म्हणणं शांतपणे मांडायला जागा नसते. तिथे हा प्रश्न केला, तर ज्याच्याकडे बघून संशय येतो त्यालाच तो होणार, मला कुणीही करणार नाही. मी कधीच कुणाला परकी दिसलेली नाही.

पण मग तो प्रश्न कुठे आणि कसा विचारायचा? काही वर्षं मी बीएलओ होते. घरोघर जाऊन यादी दुरुस्त करणारी. तेव्हा शाळेमागच्या माळावर भटक्या डवरी गोसाव्यांची पालं पडायची. त्यातला एक मुलगा वर्षातले तीन-चार महिने माझ्या वर्गात यायचा. त्याच्या बापानं एकदा शाळेच्या पायरीशी येऊन विचारलं, "बाई, आमचं नाव लागंल का?" पस्तिशीचा माणूस, कधीच मत दिलेलं नव्हतं. यादीत नाव घालायचा अर्ज, नमुना ६, भरायला बसलो. घर क्रमांक नाही. वीजबिल नाही, भाडेपावती नाही, सातबारा तर नाहीच. मी वरिष्ठांना विचारलं आणि कळलं की बेघर माणसासाठी निवडणूक आयोगाची वेगळीच सूचना आहे. रहिवासाचा कागद लागत नाही. त्यानं सांगितलेल्या ठिकाणी बीएलओनं रात्री जायचं, तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचं. आणि एकाच रात्री नाही, एकाहून जास्त रात्री.

मी गेले. नवऱ्यानं मोटारसायकलवरून सोडलं. थंडीचे दिवस, माळावर वारा, कुत्री भुंकायला लागली. पालात कंदील होता, पोरं एका गोधडीत एकमेकांना बिलगून झोपलेली, आणि तो माणूस फेटा बांधून ताठ बसलेला. माझी वाट बघत. "झोपलो असतो आन् तुम्ही आवाज न देताच मागं फिरला असता तर?" म्हणाला. मी सांगितलं की मला फक्त तुम्ही इथे झोपता एवढंच पाहायचं आहे. "मग झोपून दाखवू का?" त्यानं खरंच विचारलं. मी नको म्हणून फॉर्मवर सही केली. तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा गेले, तेव्हाही तो जागाच होता.

त्याच समाजाच्या पाच जणांना १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. ती बातमी वाचली तेव्हा मला तो कंदील आठवला.

त्या माणसाकडे मी नागरिकत्वाचा दाखला मागितला नव्हता. नमुना ६ मध्ये 'मी भारताचा नागरिक आहे' असं निवेदन असतं, खोटं निघालं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यानं त्यावर अंगठा दिला. वेगळा दाखला मागायचा तरी कोणता? तसा दाखला माझ्याकडेही नाही. इथे जन्मून नागरिक झालेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांकडे तो नसतोच. असतात ते दुसरेच कागद, शाळेचे, रेशनचे, बँकेचे, जमिनीचे. ज्यांच्या मागच्या दोन पिढ्या शाळेत गेल्या आणि जमिनीवर राहिल्या त्यांच्याकडे ते असतात.

म्हणून २०२५ च्या उन्हाळ्याअखेर बिहारमध्ये जे सुरू झालं, ते मी रोज जीव लावून वाचत होते. २४ जूनला आयोगानं मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश काढला. त्या वेळी यादीत सुमारे ७ कोटी ८९ लाख नावं होती. २००३ च्या यादीत नाव असलेल्यांना जन्माचा, जागेचा पुरावा द्यायचा नव्हता. बाकीच्यांनी ११ कागदांपैकी काही दाखवायचं. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांनी स्वतःबरोबर आई किंवा वडिलांचाही कागद द्यायचा, २ डिसेंबर २००४ नंतरच्यांनी दोघांचाही. या तारखा नागरिकत्व कायद्यातल्या आहेत. म्हणजे हे काम यादीचं असलं तरी प्रश्न नागरिकत्वाचा होता. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून ६५ लाख नावं गेली. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे त्यातली २२ लाख मयत, ३६ लाख कायमची स्थलांतरित किंवा न सापडलेली, ७ लाख दुबार. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं ही नावं कारणांसह जाहीर करायला लावली. ८ सप्टेंबरला सांगितलं की आधार हा बारावा कागद म्हणून घ्या, नागरिकत्वासाठी नव्हे, ओळखीसाठी. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत सुमारे ७ कोटी ४२ लाख नावं राहिली.

बीएलओ म्हणून मी काम केलं आहे, त्यामुळे यादी साफ करावी लागते हे मला कुणी पटवून द्यायला नको. आपल्याकडे मयताचं नाव कमी करायला कुणी येत नाही. रेशनकार्डावरून नाव उडायची भीती असते, कधी नुसतं मन होत नाही. एका घरात विधवा बाई मला म्हणाली, "राहू द्या बाई, कुठंतरी असू द्यात त्यांचं नाव." मी खोडलं. खोडायलाच हवं होतं, कारण अशाच नावांवर दुसरं कुणी येऊन मत देतं. पण मयत, स्थलांतरित आणि 'कागद मिळाला नाही' ही तीन वेगळी माणसं आहेत. पहिल्यासाठी मला शेजाऱ्यांना विचारता येतं. दुसऱ्यासाठी दोनदा, तीनदा फेरी मारता येते. तिसऱ्यासाठी मी काय करायचं? सासरी आलेल्या बाईनं बापाचा कागद कुठल्या जिल्ह्यातून, कुठल्या राज्यातून आणायचा? माझ्या आईला विचारलं असतं तर सुमनचा दाखला मंगलच्या नावाला जोडायला तिच्यापाशी लग्नातलं तांदळाचं ताट सोडून काही नव्हतं.

याविषयी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एकदा नीट सांगून ठेवलेलं आहे, आणि त्या प्रकरणात मुंबई होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांमधल्या मतदारांना, परदेशी असल्याच्या संशयावरून, नागरिकत्व सिद्ध करा अशा नोटिसा गेल्या होत्या. १९९५ च्या लाल बाबू हुसेन खटल्यात न्यायालयानं त्या कारवाया रद्द केल्या. ज्याचं नाव आधीच्या यादीत आलेलं आहे ते रीतसर तपासूनच आलं असेल असं आधी गृहीत धरलं पाहिजे. संशय असेल तर तो कशामुळे हे त्याला सांगा, त्याचं ऐकून घ्या, तो जो पुरावा आणेल तो पाहा. दोन रुपयांच्या नियमात जो विचार आहे तोच इथे मोठा होऊन आलेला मला दिसतो.

२७ ऑक्टोबर २०२५ ला आयोगानं हे काम आणखी १२ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत जाहीर केलं, त्यात गोवा आहे. माझी मावसबहीण डिचोलीला असते. तिचं म्हणणं मी मुद्दाम लिहिते, कारण त्यामुळे माझं मत थोडं बदललं. गोव्यात नागरिकत्वाचा प्रश्न खरोखरचा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. अनेकांनी लिस्बनच्या दप्तरात जन्माची नोंद केली, काहींनी पुढे पासपोर्टही काढले. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मग नुसती नोंद केली त्याचं भारतीयत्व गेलं की पासपोर्ट घेतला तेव्हा गेलं, यावर वर्षानुवर्षं वाद चालत आले आहेत. बहीण म्हणाली, "तू म्हणतेस विचारूच नका. पण कुणीतरी विचारायलाच हवं. मत देणाऱ्याचा इथल्या बऱ्यावाईटाशी संबंध नको?" तिचं बरोबर आहे. विचारू नका असं माझं म्हणणं नाहीच. ज्या प्रश्नावर निष्णात वकील आणि सरकारी खाती वर्षानुवर्षं भांडतात, त्याचं उत्तर एखाद्या बाईनं महिनाभरात ट्रंकेतून काढून द्यावं, ही अपेक्षा मला जड वाटते. कागद शोधायचं ओझं ज्याच्याकडे दप्तर आहे त्यानं उचलायला हवं. माळावर रात्री मी गेले होते, त्या माणसाला तहसिलात हेलपाटे घालायला लावले नव्हते. ही पद्धत आपल्याकडे आहे, लिहिलेली आहे, आणि तिनं काम होतं.

आता एक गोष्ट उरली आहे. ती सांगितल्याशिवाय वरचं सगळं लिहिणं अप्रामाणिक होईल.

१५ ऑक्टोबर २०१४, विधानसभेचं मतदान. तेव्हा फोटो असलेली मतदार चिठ्ठी घरोघर वाटली जायची आणि तीच ओळखीसाठी चालायची. सकाळी साडेनवाच्या सुमारास रांग पार फाटकापर्यंत गेली होती. एक बाई आली, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवरचा फोटो काळपट, शिक्क्याएवढा. मी चिठ्ठी पाहिली. चेहरा पाहिला का? पदर थोडा मागे घ्यायला सांगायचं असतं, बाई असल्यानं मला ते सहज सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मागून लोक ओरडत होते. मी नाव वाचलं, मोठ्यानं वाचलं, पण त्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही. प्रतिनिधी चहा घेत होते. मी रेघ मारली आणि गोल केला.

दुपारी तीन वाजता सोयाबीनच्या शेतातून एक बाई थेट आली. पायाला माती, केसांत काड्या. हातात मतदार ओळखपत्र. मी अनुक्रमांक शोधला, तर तिथे माझ्याच हातची लाल रेघ. मी ओळखपत्रावरचा फोटो बघितला, तिचा चेहरा बघितला. तीच होती, शंकाच नको. तिचं डावं बोट स्वच्छ होतं. चिठ्ठी तुम्हाला मिळाली होती का, असं विचारलं तर म्हणाली, "कसली चिठ्ठी?"

केंद्राध्यक्षांनी तिला तीन-चार प्रश्न विचारले, तिनं नीट उत्तरं दिली. मग त्यांनी नमुना १७-ब काढला. अशा वेळी यंत्रावर मत देता येत नाही. छापील मतपत्रिका देतात, तिला प्रदत्त मतपत्रिका म्हणतात. तिनं १७-ब वर सही केली, हळूहळू, एकेक अक्षर कोरत. मग पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन फुलीचा शिक्का मारला, घडी घातली आणि ती घडी केंद्राध्यक्षांच्या हातात दिली. त्यांनी ती वेगळ्या पाकिटात ठेवली.

"हे त्या मशीनमध्ये न्हाई घालायचं?" तिनं मला विचारलं.

"नाही. हे वेगळं ठेवतात."

"मोजत्यात न्हवं पण?"

प्रदत्त मतं मतमोजणीच्या दिवशी मोजत नाहीत. निवडणूक कोर्टात गेली आणि कोर्टानं सांगितलं, तरच ते पाकीट उघडतं. मला हे माहीत होतं. मी तिला म्हटलं, "तुमचं मत नोंदलं गेलंय." हे खोटं नव्हतं, पण तिनं विचारलं होतं ते हे नव्हे. तिनं माझ्याकडे बघितलं, बोटाची शाई वाळावी म्हणून हात जरा हवेत धरला आणि निघून गेली. सोयाबीन काढायचं राहिलं होतं.

२८ फेब्रुवारी २०१९ ला आयोगानं आदेश काढला की नुसती मतदार चिठ्ठी यापुढे ओळख म्हणून चालणार नाही. काही सहकारी वैतागले, गरिबांची अडचण होईल म्हणाले. मी काही बोलले नाही. मला तो आदेश पाच वर्षं आधी हवा होता. ओळख सैलपणे तपासली तर त्याचा तोटा कुणाला होतो हे मी पाहिलं आहे. तोही शेतातून उशिरा येणाऱ्या बाईलाच होतो.

त्या दिवशी संध्याकाळी दार बंद झाल्यावर आम्ही हिशेबाला बसलो. १७-अ च्या नोंदवहीतल्या सह्या आणि अंगठे मोजले, यंत्रावरचा एकूण आकडा पाहिला. दोन्ही तंतोतंत जुळले. केंद्राध्यक्षांनी मतांच्या हिशेबाचा नमुना १७-क भरला, प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या, त्यांना प्रती दिल्या. सगळे खूश होते. आकडा जुळला की रात्री लवकर सुटका होते. मी पाकिटं चिकटवत होते. प्रदत्त मतांच्या पाकिटावर संख्या लिहायची असते. मी तिथे '१' लिहिलं, लाख लावली आणि ते पाकीट पेटीत सगळ्यांच्या खाली ठेवलं.